श्वासोच्छ्वास आणि श्वसन: फरक स्पष्ट करा

श्वसन ही सजीवाची सर्वांत प्रामाणिक क्रिया आहे, असं मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात गंभीर चेहऱ्याने सांगायचो. वाक्य माझंच. मुलं ते वहीत उतरवायची, कारण मी "उतरवून घ्या" म्हणायचो.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायला लागलो. वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत होते. लोखंड ओतून निवलं की साचे फोडून वाळू झाडायचं त्यांचं काम. गडमुडशिंगीहून सायकलने जायचे. एका रविवारी जेवताना म्हणाले, "पुलाचा चढ आता चढवंना. मधीच उतरतो. दम लागतोय."

आदल्याच दिवशी माझा तो धडा शिकवून झाला होता.

"श्वास घेणं म्हणजे श्वसन नव्हे, आप्पा," मी म्हणालो. "छाती नुसती हवा आत-बाहेर करते. खरं काम पेशीत चालतं. तिथं ऑक्सिजन वापरून साखर मोडते आणि शक्ती सुटते."

"म्हंजे भट्टीच की."

"भट्टीत सगळं एकदम जळतं. पेशी साखर टप्प्याटप्प्यानं मोडते. ज्योत नाही, धूर नाही. सुटलेली शक्ती बारक्या पुड्यांत बांधून ठेवते आणि लागेल तशी वापरते."

"आणि फुफ्फुस?"

"हमाल. ऑक्सिजन आणायचा, कचरा बाहेर टाकायचा."

वडील हसले. "मग माझं काय बिघडलंय, मास्तर?"

"वय झालं. पेशी थकल्या."

हे उत्तर मला फार आवडलं. त्यांच्या छातीला कान लावायचा तर हातातला घास खाली ठेवावा लागला असता.

काही महिन्यांनी फौंड्रीत छातीचे फोटो काढणारी गाडी आली. सगळे रांगेत उभे राहिले, वडील राहिले नाहीत. मला हे फार उशिरा कळलं, दवाखान्याच्या बाकावर, त्यांच्या फौंड्रीतल्या जोडीदाराकडून. "आम्ही म्हणलो, चला की. तर म्हणले, माझा दोष फोटूत दिसायचा न्हाय, पेशीत हाय. पोरगा कालेजात शिकवतोय, त्यानं सांगितलंय."

तोवर नवं शतक लागलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि वाळूची धूळ कुठे कुठे बसली आहे ते बोटाने दाखवलं. "पेशी ठणठणीत असतील हो," ते म्हणाले, "पण त्यांच्यापर्यंत ऑक्सिजन पोचायला नको? आधी कळलं असतं तर निदान धुळीतून बाहेर काढलं असतं."

घरी सिलिंडर आला. नाकात नळी घालून वडील खिडकीशी बसायचे. मला बघून एकदा म्हणाले, "मास्तर, हमाल संपावर गेला की." मी हसलो. त्यांनाही हसायचं होतं, पण हसायलाही दम लागतो.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

ते गेले त्या वर्षी मी धडा पुन्हा शिकवला. प्रामाणिक क्रियेचं वाक्य तेवढं वगळलं. सहामाहीच्या पेपरात 'श्वासोच्छ्वास आणि श्वसन: फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मीच घातला. तो दोन मार्कांचा होता आणि ऑप्शनला होता. बहुतेकांनी सोडला.