आमच्या साडूंचं दुसरं घड्याळ

अख्ख्या जयपुरात खोटं बोलायला सगळ्यात अवघड जागा कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, बनी पार्कातल्या आमच्या साडूंच्या समोरची वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बसून भाजीवाल्यानं आपणहून भाव उतरवला आहे आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानं नळ आपल्याच हातून मोडल्याचं कबूल केलं आहे. साडू काही बोलत नाहीत, नुसते बघतात. 'सर, मी त्याला हातसुद्धा लावला नाही' असं शपथेवर सांगणारे खेळाडू जन्मभर पाहिल्यामुळे त्यांची नजरच तशी झाली आहे. त्या नजरेपुढे धडधडीत खोटं बोलून सुटलेला माझ्या माहितीत एकच माणूस आहे. तो मी. पण त्याकडे येतोच.

साडू मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून जयपूरच्या छावणीत आले, तिथेच फुटबॉलच्या रेफरीची परीक्षा दिली आणि पेन्शन सुरू झाल्यावर गावी न जाता इथेच राहिले. फौजेतून निवृत्त झालेली माणसं कुठेतरी पहाऱ्याची नोकरी धरतात. यांनी गळ्यात शिट्टी अडकवली आणि त्याच शिट्टीवर पुढचा संसार केला. आज जोधपूर, उद्या दिल्ली, परवा गुवाहाटी. बॅगेत काळा गणवेश, दोन शिट्ट्या आणि शेंगदाण्याचे लाडू. दोन्ही संघांपैकी कुणाच्याही पाण्याचा घोटसुद्धा ते घेत नसत. मी जवाहर नगरात राहणारा सरकारी कारकून. माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, एवढ्याच भांडवलावर त्यांनी मला मैदानात ओढलं, नियम पाठ करून घेतले आणि हातात निशाण देऊन कडेकडेनं पळणारा लाइन्समन केलं.

रेफरी दोन घड्याळं बांधतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक सतत चालतं. दुसरं, कुणी जखमी होऊन खेळ थांबला की थांबवायचं, आणि जेवढा वेळ वाया गेला तेवढा शेवटी जोडायचा. साडूंनी हा नियम घरातही लागू केला. शेजारचे शर्माजी एकदा चहाला आले आणि मध्येच फोनवर बोलत बसले. उठायला लागले तेव्हा साडू मनगट बघून म्हणाले, "बैठिए शर्माजी, ग्यारह मिनट बाकी हैं." शर्माजी बसले. तेव्हापासून ते फोन घरी ठेवून येतात.

सकाळी कॉलनीत ते उलटे चालत. 'खेळाकडं पाठ करायची नाही' हे त्यांचं ब्रीद, आणि त्यांच्या मते खेळ सगळीकडेच चालू असतो. दूधवाला भैया मागून घंटी वाजवायचा, तर हे न वळताच हात करून त्याला उजवीकडून काढून द्यायचे. सामन्याआधी गोलची जाळी ओढून बघायची सवय तर इतकी मुरलेली, की आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले ते थेट खिडकीपाशी गेले, डासांची जाळी चारी कोपऱ्यांनी ओढली आणि होमाचा धूर डोळ्यांत जात असताना गुरुजींसमोर जाहीर केलं, "डावा खालचा कोपरा सुटलाय."

पण खरी गंमत चहाची. माझा मुलगा कॉलेजच्या संघात खेळू लागला आणि एका सामन्याला साडू रेफरी होते. आठवडाभर आधीपासून त्यांनी आमच्याकडचा चहा बंद केला. "दाजी, आल्याचा चहा आहे हो, लाच नाही," असं बायको म्हणाली, तर म्हणाले, "सामना झाल्यावर." सामन्यात त्यांनी आमच्या चिरंजीवांना लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं आणि संध्याकाळी येऊन दोन कप प्यायले.

"पोराला बाहेर काढलंत ते काढलंत, वर साखर कमी म्हणताय?" बायको म्हणाली.

"मैदानावर नातं नसतं," साडू म्हणाले. "आणि साखर खरंच कमी आहे."

एवढा माणूस राष्ट्रीय रेफरींच्या यादीत का गेला नाही, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर म्हणून एक किस्सा सांगितला जातो, आणि तो सगळ्यात जास्त वेळा मीच सांगितला आहे: साडूंनी अंतिम सामन्यात न झालेला गोल दिला. लग्नांत, बारशांत, साडूंच्या देखत मी तो रंगवून सांगितला आणि लोक हसले. आता ऐंशीच्या उंबरठ्यावर तो किस्सा मला एकदा खरा सांगायचा आहे.

जयपुरातली थंडी, उन्हाला पाठ देऊन शेंगा सोलत बसलेले प्रेक्षक. राष्ट्रीय यादीसाठी साडूंना पारखायला वरून निरीक्षक आले होते. आणि आमचे सासरे आयुष्यात प्रथमच फुटबॉल बघायला आले होते. आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "शिट्टी मधल्याच्या हातात, मग तुम्ही काठाकाठानं कशाला पळता?" तो प्रश्न मला लागला होता. सामना संपायला चार मिनिटं असताना मी पळता पळता मान वळवून बघितलं, सासरे माझ्याकडे बघतायत का. ते शेंगेतला दाणा शोधत होते. तेवढ्यात चेंडू आडव्या दांड्यावर आदळून खाली आला आणि बाहेर उडाला. मैदान 'गोल' म्हणून ओरडलं. गोल झाला असेल तर लाइन्समननं मध्यरेषेकडे पळायचं, नसेल तर जागेवर थांबायचं, असा आमचा संकेत. मी काहीच पाहिलं नव्हतं. मी पळालो.

साडू माझ्यापर्यंत आले. "साडूभाऊ, पाहिलंत?"

"पाहिलं," मी म्हणालो.

त्यांनी गोल दिला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला. चेंडू गोलरेषेच्या चांगला वीतभर अलीकडे, मैदानातच टप्पा खात होता. साडूंनी अहवालात लिहिलं, 'निर्णय माझा होता. लाइन्समनचा दोष नाही.' मी रडकुंडीला येऊन काही सांगू लागलो, तर म्हणाले, "मैदानात शिट्टी एकच असते. विषय संपला." यादी आली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं, आणि पुढच्या यादीपर्यंत त्यांचं वय उलटलं. त्या यादीत मात्र माझं नाव होतं. शिफारसपत्र साडूंनीच लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात जगतपुऱ्यातल्या आयटीवाल्या मराठी मुलांनी फुटबॉलचे सामने ठेवले आणि आम्हां दोघांना बोलावलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माझी ओळख 'राष्ट्रीय रेफरी' अशी करून दिली. मग साडूंकडे वळून ती गोड हसत म्हणाली, "आणि हे, मतलब... ते न झालेल्या गोलवाले काका!" टाळ्या पडल्या. साडूही हसले. त्या हसण्यानं मला घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देण्याआधी काल दुपारी बनी पार्कात जाऊन त्या वेताच्या खुर्चीत बसून साडूंना वाचून दाखवलं. सुरुवातीलाच त्यांनी मनगटावरचं दुसरं घड्याळ थांबवलं. चहाचा ट्रे घेऊन आलेली ताई, म्हणजे माझी मेहुणी, दारातच उभी राहिली. वाचून झाल्यावर मी कागद मांडीवर ठेवले.

"एक दुरुस्ती आहे," साडू म्हणाले. "तुम्ही खोटं बोलून सुटला नाहीत. 'पाहिलं' म्हणताना तुमच्या हातातलं निशाण थरथरत होतं. मला दिसलं होतं ते."

"मग गोल का दिलात?"

त्यांनी हात लांबवून खिडकीच्या जाळीचा कोपरा ओढून पाहिला. "दुसरा कोणी लाइन्समन असता तर पुन्हा विचारलं असतं. म्हटलं, आपले साडूभाऊ आहेत, खोटं कशाला बोलतील. मैदानावर एकदाच नातं मधे येऊ दिलं मी. म्हणून अहवालात खरं तेच लिहिलं. पुढं पोराच्या सामन्याआधी तुमच्या घरचा चहा सोडला तो उगाच नाही."

ताई म्हणाली, "चहाचं पार पाणी झालं," आणि ट्रे घेऊन परत आत गेली. मी कागद गोळा केले आणि निघतो म्हणून उठलो. आता त्यांना उलटं चालवत नाही, उठतानाही काठी लागते. ते उठलेच नाहीत. मनगट डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी घड्याळ पाहिलं.

"बसा. हे सांगायला फार उशीर केलात. तेवढा वेळ जोडावा लागेल."

"किती?" मी विचारलं.

"ते रेफरी ठरवतो," साडू म्हणाले, आणि अंगठ्यानं त्यांनी ते दुसरं घड्याळ पुन्हा चालू केलं. मी बसलो. आत ताईनं आधण ठेवल्याचा आवाज आला, आणि ती जोरात विचारत होती, साखर किती घालू.