खडसांसाठी एक पाळी पाणी

भावकूअण्णांच्या बाजूने बोलायला गावातून मी एकटीच त्यांच्याबरोबर निपाणीला गेले, आणि असं काही करून आले की गेलेच नसते तर बरं झालं असतं.

अण्णा वेदगंगेकाठचे भोई, पासष्टी ओलांडलेले. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी बरगे घालून पाणी अडवायचं, पाऊस लागला की ते काढायचे, हे त्यांचं रोजंदारीचं काम. बाकीचे दिवस मासेमारी. बंधाऱ्याखालच्या डोहात मात्र ते स्वतः जाळं टाकत नव्हते आणि दुसऱ्याने गळ टाकला तर शिव्या घालत धावून जायचे. नदीतले शेवटचे खडस मासे तिथे उरले होते. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण खडस उथळ वाहत्या पाण्यात, गोट्यांवर अंडी घालतो, हे मला अण्णांनी शिकवलं.

यंदा अर्धा जून गेला तरी पाऊस नाही. बरगे बंद, खालचं पाणी रोज वीतभर मागे सरकत होतं. एका सकाळी अण्णा माझ्या दारात आले.

"बाई, समद्या माद्या पोटुशा हायत. पानी वाहिलं न्हाई तर अंडी पोटातच जिरनार बगा. कचेरीत कागद तरी द्या की."

आम्ही दोघं निपाणीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेलो. तिथे छापील अर्ज होता: पीक कोणतं, क्षेत्र किती, पाण्याच्या पाळ्या किती. कारकून हसून म्हणाला, "माशांच्या नावावर उतारा हाय काय, बाई?"

माझं डोकंच फिरलं. 'पीक' खोडून मी तिथे 'खडस' लिहिलं आणि पाळ्यांच्या रकान्यात, सगळे शेतकरी लिहितात तसं, 'एक'. ऊस एका पाळीवर महिना काढतो, म्हणून मला तेवढं पुरेसं वाटलं. पाळी म्हणजे किती दिवस पाणी, हे विचारायचं मला सुचलं नाही. अण्णांनी खाली सही केली. "एक पाळी लई झाली," म्हणाले. इतकी वर्षं बरगे उचलणाऱ्या माणसालाही त्या क्षणी हिशेब आठवला नाही, पाणी मिळतंय याचाच आनंद झाला होता.

आणि अर्ज मंजूर झाला! अण्णांनी स्वतः दोन गाळे मोकळे केले. दुसऱ्या दिवशी खडस डोहातून वर चढले. घोटाभर पाण्यात शेपट्या आपटत होत्या, गोट्यांत पिवळी अंडी पडत होती. अण्णांनी हात जोडले. मला रडू आलं.

चौथ्या दिवशी दुपारी अण्णांना कचेरीतून फोन आला. चार दिवसांची पाळी संपली, बरगे घाला.

"सायेब, पिल्लं पवाया पंधरा दिस लागत्यात," अण्णा म्हणाले.

"अर्जावर एकच पाळी हाय. सही तुमचीच."

मी फोन हिसकावून भांडले. दुसऱ्या पाळीसाठी नवा अर्ज करा, सोमवारी या, असं उत्तर मिळालं. तो दिवस गुरुवार होता.

"नका घालू, अण्णा," मी म्हटलं.

"म्या न्हाई घातलं तर दुसरा ईल, आनि एकदम घालंल. मग माद्याबी उथळावर अडकत्यात."

म्हणून त्यांनी एकेक बरगा थांबून थांबून घातला. मोठे मासे डोहात परतले. संध्याकाळपर्यंत गोटे कोरडे पडले होते आणि बगळे जमले होते. अण्णा घागरीने अंड्यांवर पाणी ओतत राहिले. शेवटी अक्काताईंनी, त्यांच्या बायकोने, हाताला धरून घरी नेलं.

बरगे घातल्यापासून अकराव्या दिवशी पाऊस आला. नदी दोन्ही काठ भरून वाहू लागली; बरगे काढून अण्णा भिजत बंधाऱ्यावर उभे राहिले. मी छत्री घेऊन गेले, तर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आता चढत्याल का हो, बाई?"

मला खडसांबद्दल जे काही ठाऊक होतं, ते सगळं त्यांनीच सांगितलेलं. "नाही, अण्णा. यंदाची अंडी घालून झाली," मी म्हटलं.