पोळ्या सोडून बाकीचा खर्च

दिवाळीपेक्षा टॅक्स भरण्यात जास्त रमणारा माणूस माझ्या नशिबी आला आहे. फेब्रुवारी सरत आला की माझा नवरा रविवारी डायनिंग टेबल अडवतो, लॅपटॉप उघडतो आणि कुणाशी बोलेनासा होतो. मूळचा नागपूरचा, इथे अमेरिकेत ईडन प्रेरी नावाच्या गावात सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा आणि घरातला छंद.

यंदा तर स्वारी भलतीच खुशीत होती. आमची एकुलती एक लेक वेल्डिंग शिकते. चार वर्षांच्या कॉलेजला रामराम ठोकून ती ट्रेड स्कूलमध्ये गेली तेव्हा आम्ही घालायचा तेवढा गोंधळ घातला. आता मंडळाच्या गणपतीत कुणी "मेजर काय घेतलाय?" विचारलं, की मीच आधी "वेल्डिंग" सांगून मोकळी होते. तर नवऱ्याला शोध लागला होता, की अशा शिक्षणाच्या फीवरसुद्धा एज्युकेशन क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्या टॅक्समधून तेवढी रक्कम कमी होते. फक्त शाळा सरकारी यादीत हवी आणि मूल आपलं डिपेंडंट हवं. शाळा यादीत होती. आणि ही आमच्यावर अवलंबून आहे की नाही, ते माझ्या फ्रिजला विचारा.

त्याने थाटात रिटर्न पाठवलं आणि संध्याकाळच्या आत ते नामंजूर होऊन परत आलं. या मुलीने स्वतःचं रिटर्न आधीच भरलंय आणि आपण कुणाचे डिपेंडंट नाही असं कळवलंय, असं त्यात म्हटलं होतं.

"हो, मी फाइल केलं," लेक पोह्यांवर शेव घालत म्हणाली. "फोनवर. इट वॉज सो ईझी, बाबा."

शनिवारी ती एका रेलिंग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करते. त्या पगाराचं तिचं हे आयुष्यातलं पहिलं रिटर्न. तुम्हाला कुणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का, असं विचारल्यावर तिने बेधडक "नो" दाबलं होतं.

"अगं पण आम्ही दाखवतो ना तुला!"

"पण आय वर्क, बाबा. आय ॲम नॉट अ डिपेंडंट."

मला फस्सकन हसू आलं. "काहून हसून राहिलीस?" नवरा वैतागला.

मला खरं तर टाळ्या वाजवायच्या होत्या. पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा माझा व्हिसाच डिपेंडंटचा होता. हातात डिग्री, पण नोकरी करायची परवानगी नाही. कुठलाही कागद भरताना तो शब्द आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर्क परमिट आलं त्या दिवशी मी भर थंडीत श्रीखंड केलं होतं. आणि माझी पोर एकोणिसाव्या वर्षी अंगठ्याच्या एका टिचकीने सुटली होती!

नवरा मात्र नियम वाचून दाखवायला लागला. विद्यार्थी असलेलं मूल आईवडिलांकडे राहत असेल, तर ते स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः करतं का, ते बघायचं. करत नसेल तर ते डिपेंडंट. त्याने लगेच एक्सेल उघडलं. खोली, गाडीचा इन्शुरन्स, फोन, फी. मग मान वर करून मला विचारलं, "हिचं जेवण महिन्याला किती धरू? पोळ्या किती खाते?"

माझा पाराच चढला. "पोरीच्या पोळ्या मोजणारेस तू?"

"मी कुठं? सरकार विचारतं."

"सरकारला म्हणावं, आमच्यात मुलांच्या पोळ्या मोजत नाहीत. नजर लागते."

"बरं, पोळी राहू दे. वरणभात धरू?"

"हात लावून बघ!"

लेक पोट धरून हसत होती. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि आपला रकाना भरायला घेतला. वेल्डिंगचं हेल्मेट. हातमोजे. पेट्रोल. एवढं लिहून ती थांबली. शेजारी बाबाचा रकाना स्क्रीनच्या खालपर्यंत गेला होता. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"जेवण नाही धरलं तरी आमचंच जास्त भरतंय," नवरा हळू आवाजात म्हणाला. त्यालाही आता जिंकल्याचा आनंद नव्हता. मला फार वाईट वाटलं. इतक्या तोऱ्यात दाबलेलं ते "नो" आता तिला स्वतःच्या हाताने मागे घ्यायचं होतं, दुरुस्तीचं रिटर्न भरून.

मी तिला माझ्या व्हिसाचं सांगितलं. आजवर कधी विषयच निघाला नव्हता.

"यू हेटेड इट?" तिने विचारलं.

"भयंकर."

"बाबा मोजायचा म्हणून?"

"छे गं. त्याने एका पैशाचा हिशोब कधी विचारला नाही. पण असा तक्ता मांडला असता, तर माझा रकाना कोरा राहिला असता."

तिने स्क्रीनवरच्या आपल्या रकान्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "माझ्यात ॲटलीस्ट हेल्मेट आहे." माझे डोळे भरून आले आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

त्याच आठवड्यात तिने दुरुस्तीचं रिटर्न भरलं. आमचं ऑनलाइन पुन्हा परत येईल म्हणून नवऱ्याने छापून पोस्टाने पाठवलं. त्या तक्त्यात जेवणाची ओळ शेवटपर्यंत आली नाही.

पुढच्या शनिवारी वर्कशॉपला निघताना तिने डबा माझ्यासमोर ठेवला. "आई, तीन पोळ्या दे. मोजून हं, नाहीतर पुढच्या वर्षीही मी डिपेंडंटच राहीन."

मी पोळ्यांच्या डब्यात हात घातला आणि हाताला आल्या तेवढ्या तिच्या डब्यात भरल्या. संध्याकाळी ती दारातूनच ओरडली, "आई, पाच होत्या!"

"असतील," मी म्हटलं. "मी कुठे मोजल्या?"