जांभळाच्या बुंध्यातली कणीक

डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीतलं ते जांभळाचं झाड आठवलं, की आजही जिवाला चुटपुट लागते. खून-दरोड्यांच्या तपासातही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी तक्रार आमच्या पोलीस ठाण्यात आली. कुणीतरी झाडाच्या बुंध्याला भोकं पाडून आत ॲसिड ओतलं होतं. कायद्याने हीसुद्धा वृक्षतोडच. इमारत चार मजली, बिनलिफ्टची. बाहेरून लिफ्ट बसवायची तर नेमकं ते झाड आडवं येत होतं. हिरवं झाड तोडायला परवानगी नाकारली होती. वाळलं असतं तर मिळाली असती. संशय साहजिकच लिफ्टच्या ठेकेदारावर गेला. त्याला ठाण्यात आणून बसवलं.

"साहेब, इतकी कामं पडलीत माझी. एका झाडापायी आत जाऊ काय?" तो कळवळून म्हणाला. असं सगळेच म्हणतात, म्हणून त्याला थांबवून ठेवलं आणि पंचनाम्याला गेलो.

बुंध्यावर मुंग्यांची रांग लागली होती. भोकं बुजवली होती ती चक्क कणकेने. ठेकेदाराच्या माणसाने सिमेंट नाहीतर पुट्टी वापरली असती. कणीक स्वयंपाकघरातून येते. ठेकेदाराला घरी पाठवलं आणि एकेका घराचं दार वाजवत जिने चढू लागलो.

तिसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं. आत खाटेवर त्यांचे यजमान, लकव्याने पडलेले. पूर्वी वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत भोकं पाडायचं गिरमिट सापडलं, पात्याला ओलसर भुसा चिकटलेला. मी ते नुसतं समोर धरलं.

"दवाखान्यात न्यायचं तर चार जणांच्या हातापाया पडावं लागतं, साहेब," बाई म्हणाल्या. "हे रोज म्हणतात, एकदा मला झाडाखाली बसव. झाड यांनीच लावलेलं. लिफ्टशिवाय कसं नेणार? दुपारी सगळे झोपले की मी खाली जायचे."

खाटेवरून जड जिभेने आवाज आला, "गिरमिट माझं आहे. मला न्या, साहेब. निदान खाली तरी जाईन."

माझ्या हवालदाराने तोंड फिरवलं. मी जबाब घेतला, गुन्हा नोंदवला. कोर्टात बाईंना दंड झाला. नियम बरोबर होता, आजही तेच म्हणेन. पण गुन्हेगार सापडला की बरं वाटतं, ही माझी समजूत त्या घरात कायमची गेली.

पुढे जांभूळ वाळलं, तोडलं गेलं, लिफ्ट झाली. मी निवृत्त झाल्यावर बाई एकदा बाजारात भेटल्या. यजमानांची चौकशी केली.

"आणलेलं खाली," त्या म्हणाल्या. "बाकावर बसवलं. थोडा वेळ बसले आणि म्हणाले, ऊन लागतंय गं, वर ने. परत कधी खाली यायचं नाव नाही काढलं."