शेपटाला पाणी आधी

पाण्यावर जगात कोणाचाही हक्क नसतो, नंबर तेवढा असतो, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस मला ठाऊक आहे: माझे चुलतसासरे. राहणार कोपरगाव. उभी नोकरी त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून, म्हणजे नंबराप्रमाणे शेतांना पाणी सोडण्यात काढली. नियम असा की कालव्याच्या शेपटाला पाणी आधी, तोंडाला शेवटी. त्यांच्या नोकरीत हा नियम एकदाही पाळला गेला नाही, कारण तोंडाशी ऊस होता आणि उसाशी पुढारी. निवृत्तीला त्यांना शाल आणि नारळ मिळाला. पाळी सुरू-बंद करायची सरकारी शिट्टी त्यांनी परत केली नाही.

गोदावरीला पूर आला तेव्हा त्यांच्या गल्लीचा उताराकडचा भाग गेला. घरांच्या जागी गुडघाभर गाळ राहिला. पाहणीला साहेब आले, हळहळले, बूट खराब झाल्यावर पुन्हा हळहळले. चुलतसासऱ्यांनी मात्र गाळाची मूठ नाकाशी नेली आणि जाहीर केलं, "गोदामाईनं घरपोच गाळ दिलाय. रडायचं नंतर, आधी मेथी टाका." माणसं खरोखर उठली. नवी घरं मिळणार असल्याचं सांगण्यात आलं होतं, म्हणजे हाताशी वेळ भरपूर होता.

अशी ती सगळ्यांची बाग झाली. एका घराला एक वाफा. नळ एकच, पण बंदोबस्त धरणाचा. पाणी हवं तर लेखी अर्ज. अर्जात 'विनंती' नसली तर परत. पहिल्या शिट्टीला वाफ्याचं तोंड उघडायचं, दुसरीला बंद करायचं, मध्ये बोलायचं नाही. बांधाबाहेर ओल दिसली की ते ती पावलांनी मोजत आणि अपराध्याकडे असं बघत, की त्यापेक्षा पूर बरा. दोन नंबर चुकले की वाफा गेला. तसा निवृत्त गुरुजींचा गेला.

"अहो, मुलीचं लग्न होतं!" गुरुजी म्हणाले.

"कालव्याला मुलगी न्हाई, गुरुजी."

हा कायदा शेवटच्या वाफ्यापाशी मात्र लंगडा पडे. तिथे हौसाबाईचं घर होतं, नदीला सर्वांत जवळचं, म्हणून सर्वांत आधी गेलेलं. बाई चुलतसासऱ्यांहून चार वर्षांनी मोठी. सार्वजनिक नळावर ते रांग लावायचे आणि ही हंडा सरळ पुढे ठेवायची. भांडण जुनं आणि दोघांच्या प्रकृतीला मानवलेलं. पुरानंतर मुलाने तिला राहात्याला नेलं. त्या नदीचं तोंड पुन्हा बघणार नाही, असं सांगून ती गेली. बाग तिने पाहिलीही नव्हती. तरी प्रत्येक पाळीला पहिली शिट्टी तिच्या नावाने होई, चुलतसासरे स्वतः खाली जाऊन वाफा भरत आणि त्यातली मेथी पिशवीत घालून एसटीने राहात्याला पोचवत. उलट निरोप येई, "पाटकऱ्याला म्हणावं, जून झाल्यावर खुडतोस."

गुरुजींनी अखेर माझ्यासमोरच मुद्दा काढला. "त्या एकदाही आल्या नाहीत. तो वाफा मला द्या."

"बाईचा अर्ज हाय."

गुरुजींनी अर्ज मागून घेतला. अक्षर चुलतसासऱ्यांचं होतं. 'विनंती' दोनदा होती.

"सही कुठंय?"

"यील की करायला."

"आणि नाही आल्या तर?"

चुलतसासरे माझ्याकडे वळले. म्हणाले, "जावईबापू, शेपटाला आधी पानी, हे नोकरीत जमलं न्हाई. हितं तरी जमू द्या." गुरुजींनी अर्जाची घडी घालून परत दिली.

पुढच्या पाळीलाही मी तिथेच होतो. शिट्टी झाली. चुलतसासरे खाली निघणार, तोच खालून आवाज आला.

"ऐकलं रं! बहिरी न्हाई झाले मी."

पदर खोचून हौसाबाई वाफ्यात उभी होती. नदीकडे पाठ. "मेथी काढून माझ्या चुलीच्या जागी गवार लावलीस व्हय? लई शाना. मेथीच टाकायची हितं."

"मधी बोलायचं न्हाई," चुलतसासरे म्हणाले. आवाजात धरण नव्हतं.

तिने वाफ्याचं तोंड उघडलं. वाफा भरला. पाणी बांधावरून गेलं, पायवाटेवर आलं, गुरुजींच्या चपला भिजवून उताराने नदीकडे निघालं. शिट्टी चुलतसासऱ्यांच्या ओठांत होती. ती वाजवायची आठवण त्यांना कोणी करून दिली नाही.