भिंतीवरची फार्मासिस्ट

माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांचं अख्खं आयुष्य बिडी ओढण्यात गेलं. यंदा डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला, तेव्हा कुठे त्यांनी बिडी सोडायचं कबूल केलं. डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगम सुचवलं. मामा बस धरून पिरंगुटला गेले आणि माझं सर्टिफिकेट लावलेल्या मेडिकलमधूनच ते घेऊन आले.

तिथे फक्त सर्टिफिकेट आहे, मी नाही. मी दिवसभर हिंजवडीत एसीत बसून परदेशातल्या रुग्णांच्या औषधांच्या तक्रारी तपासते. दुकान आमच्या ह्यांच्या मित्राचं. परवान्याला फार्मासिस्ट लागतो. 'नुसतं नाव पायजे वहिनी,' असं तो म्हणाला आणि मी दिलं. पुष्कळ जण देतात, असं तेव्हा मनाला समजावलं होतं.

चार दिवसांत मामांना उचक्या लागल्या, छातीत जळजळ, वर उलट्या. पाचव्या दिवशी त्यांनी उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि ओट्यावर बसून बिडी पेटवली. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ते गोळ्या एकामागून एक कचाकचा चावत होते, तेही चहासोबत. ते च्युइंगम सावकाश चावायचं, जिभेला चरचरलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. वर लगेच चहा घ्यायचा नाही. एवढंच तर सांगायचं होतं. माहितीचा कागद होता, पण तो खोक्यात. दुकानात पट्टी कात्रीने कापून देतात, खोकं तिथेच राहतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी सकाळीच दुकान गाठलं. आसपासच्या कारखान्यांतली माणसं काउंटरला रेटून उभी होती. त्यांच्यादेखत मी ह्यांच्या मित्राला झापलं. म्हातारा माणूस आयुष्यात एकदा बिडी सोडायला तयार होतो आणि तुला दोन वाक्यं जड होतात? तो कात्री चालवतच राहिला. मग शांतपणे म्हणाला,

"वहिनी, मी बारावी नापास हाय. सांगायचं काम फार्मासिस्टचं."

आणि त्याने माझ्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

गिऱ्हाइकांनीही वळून पाहिलं. फ्रेममध्ये सर्टिफिकेटवरच्या फोटोत मी हसत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती आणि रागही तसूभर कमी झाला नव्हता, फक्त तो आता कुणावर काढावा ते कळेना. मी स्टूल ओढलं, फ्रेम उतरवली आणि काखेत मारून निघाले. तो मागून परवान्याचं काहीतरी बोलत होता. मी थांबले नाही.

घरी मामांसमोर बसून सगळं नीट सांगितलं. येताना दुसऱ्या दुकानातून आणलेली पट्टी त्यांच्या हातात ठेवली, आपण पहिल्यापासून करू म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकदा खोकले. मग माझ्या शेजारी ठेवलेल्या फ्रेमकडे बघत म्हणाले,

"तुजा फोटू बगूनच त्या दुकानात शिरलो हुतो, पोरी. म्हनलं, आपल्या सुनंचं दुकान, हितं कुनी आपल्याला चुकीचं देनार न्हाई."

पट्टी त्यांनी मला परत दिली आणि काडेपेटी शोधायला खिशात हात घातला.