बाभूळबाईंचं रान

"थांबा!" असं बाई ओरडल्या की आमचा उचललेला पाय हवेतच राहायचा. साप असेल, काच असेल, काळजाचं पाणीपाणी! आणि बाई मात्र पदर खोचून, खाली वाकून, बोटभर रोपट्यासमोर टाळ्या पिटत असायच्या. "आला की! निंब आला!" वळसंगच्या शाळेत त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. त्यांचं नाव आम्ही पोरींनी बाभूळबाई ठेवलं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा आमची बोबडीच वळली. पण बाई म्हणाल्या, "लई झकास नाव हाय. ठेवणारीला उद्या बोरं." आणि खरंच आणली!

नावाचं कारण म्हणजे त्यांचं रान. वडिलांनी लेकीच्या नावे केलेला तुकडा, खाली ओढ्याकडं काळी माती आणि वर मुरमाड माळ. बाईंनी तिथं ना कधी नांगर घातला, ना कुणाची शेळी आत येऊ दिली. जे उगवेल ते उगवू दे, म्हणाल्या. उगवले ते काटे. शेजारच्या शेतात थोरले बंधू अण्णा ज्वारी करायचे. त्यांचं डोकंच फिरायचं. "गावात तोंड दाखवायची सोय न्हाई. आमची ही काटं पिकवती!" बाई हसायच्या आणि त्यांना चहा करून द्यायच्या.

रविवारी आमची वरात त्या रानात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोवळ्या मुळ्या तटातट तोडते, म्हणून तिथं आधी बाभूळच पाय रोवते. मुरमात पाणी ठरत नाही, तिथं बोर आणि काटेरी हिवराची झाडं. हे सांगता सांगता बाईंचा आवाज असा चढायचा की ओढ्यापलीकडची माणसं वळून बघायची. "आधी माती झाड निवडती. मग झाड पाला टाकतं, सावली धरतं आन मातीच बदलून टाकतं. बदललेली माती काय म्हणती? आता दुसरं कुणीतरी या! समजलं का गं?" समजलं नसलं तरी आम्ही माना डोलवायचो, कारण बाईंचा आनंद आम्हालाही लागायचा.

एकदा मी विचारलं, बाभळीखाली निंबाची रोपं दिसतात, मग बाभळीचीच का नाहीत?

"तिच्या पोरांना ऊन लागतं गं. आईच्या सावलीत ती वाढत न्हाईत. पाखरं फांदीवर बसत्यात, लिंबोळ्यांच्या बिया टाकत्यात, आन बाभूळ बसती दुसऱ्यांची पोरं सांभाळत. माझ्यासारखीच की!" आणि बाई खदखदून हसल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मला काही हसू आलं नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा अण्णांना प्रेमाचं भरतं आलं. बहिणीला झाडं आवडतात, एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक. तिला न सांगता त्यांनी जेसीबी मागवला. काटे साफ करायचे, नर्सरीतले कडुनिंब पाहुण्यांच्या हातून लावायचे आणि तिथंच मंडपात सत्कार! पाहुणे आणि आम्ही जुन्या विद्यार्थिनी जमलो, ओढ्याकडचा एक पट्टा उघडा पडला आणि तेवढ्यात बाई पोचल्या.

"थांबा!"

अहो, असला आवाज मी जन्मात ऐकला नाही. जेसीबीच्या दातापुढं नव्या इरकली साडीत बाई उभ्या. "अण्णा, निंब लावायला निंबच उपटतोस व्हय रे?" मग त्यांनी फेटेवाल्या पाहुण्यांना एकेक करून बाभळीखाली वाकायला लावलं. फेटे काट्यात अडकले, हार तुटले, सरपंच तर चक्क गुडघ्यांवर! आत पाल्यात ढोपराएवढे कडुनिंब दाटीनं उभे. "नोड अण्णा, नोड! बघ की!" बाई नाचत होत्या.

अण्णांनी बघितलं, पण ऐकलं नाही. "माज्या रोपांना काय खोट हाय?" म्हणत त्यांनी उघड्या पट्ट्यात ती लावलीच. टँकरनं पाणी घातलं. पुढच्या उन्हाळ्यात उघड्या काळ्या मातीनं तोंड वासलं आणि रोपं एकामागून एक वाळली. बाभळीखालची मात्र हिरवीगार होती.

बाईंना घोर होता तो एवढाच. त्यांच्यामागं रान अण्णांचंच होणार. "माजं डोळं मिटू दे, हा परत जेसीबी आणतो बघ," असं म्हणताना त्यांचा तो चढा आवाज उतरायचा. मला तेव्हा अण्णांचा भयंकर राग यायचा.

मग काही वर्षांनी एका सकाळी फोन. "अगं, ये लवकर! म्हातारी बाभूळ पडली!" रानातली सगळ्यांत जुनी, एवढी आवडती बाभूळ पडली आणि ही बाई हसते काय! मी सोलापुरातून तशीच निघाले. बाई पडलेल्या खोडावर बसून पेढे वाटत होत्या. वर आभाळाचा मोठा तुकडा मोकळा झाला होता आणि खालचे कडुनिंब उन्हात न्हात होते. "आता बघ कशी उसळी मारत्यात! तिचं काम झालं गं." अण्णा बांधावर उभे होते. पेढा त्यांनी घेतला, पण आत आले नाहीत.

त्याच वर्षी बाई गेल्या.

मला कितीतरी दिवस तिकडं जायचा धीर होईना. शेवटी गेले. लांबूनच हिरवं दिसलं आणि मी पळतच सुटले. कडुनिंब माझ्या डोक्याच्याही वर गेले होते! मी बांध ओलांडून आत पाऊल टाकणार, इतक्यात कुणीतरी ओरडलं, "थांबा!"

अण्णा होते. धोतर खोचून, गुडघ्यांवर बसलेले, कानशिलावर काट्याचा ओरखडा. "खाली बघ की गं पोरी," ते म्हणाले आणि ढसाढसा रडत टाळ्या पिटू लागले. "चंदन आलंय!"

माझा पाय हवेतच राहिला.